कपड्यावरील चिन्ह : छापावे की भरावे?

क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन जवळ आले म्हणजे विद्यार्थ्यांत एक वाद हटकून निघतो: यंदाच्या कपड्यांवर शाळेचे चिन्ह छापावयाचे की दोऱ्याने भरावयाचे? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचा खर्च पालकांच्या पदरी पडतो, म्हणून त्याचा नीट विचार व्हावयास हवा. आमच्या मते चिन्ह किती उठून दिसेल हे पाहण्यापूर्वी तो कपडा किती दिवस अंगावर राहावयाचा आहे, हे पाहावे.

भरतकाम टिकाऊ खरे. पण त्यास जाड कापड लागते. याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तेथे २०२४ साली बंजारा विरासत संग्रहालय उघडले. बंजारा स्त्रियांच्या फेटियावरील व कांचळीवरील परंपरागत कामात आरशाभोवती दोऱ्याचे कडे गुंफून तो कापडास बांधून टाकतात. जाड सुती कापड हा भार पेलते. तेच दाट भरतकाम पातळ बनियनवर केले तर कापड आखडून त्यास सुरकुत्या पडतात. शिवाय यंत्रावरील भरतकामाचा दर टाक्यांच्या संख्येवर ठरतो. चिन्ह मोठे, तर दामही मोठा.

स्क्रीन छपाईचा हिशेब निराळा. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र चौकट करावी लागते. म्हणून दहा कपडे महाग पडतात आणि दोनशे स्वस्त. रंग एकच ठेवला तर खर्च आणखी उतरतो. मात्र छातीभर छापलेला जाड रंग हवा अडवितो. आपल्या वऱ्हाडच्या उन्हात धावणाऱ्या मुलास ते सोसत नाही. उष्णतेने चिकटविलेली अक्षरे खेळाडूंच्या नावाक्रमांकास सोयीची. पण त्यांवर थेट इस्त्री फिरवू नये.

तेव्हा खेळाच्या बनियनवर एकरंगी, लहान छाप असावा. रोजच्या गणवेशास मात्र भरतकामाचा सुटा बिल्ला करून तो खिशावर शिवावा. मूल वाढले, सदरा आखूड झाला, की बिल्ला उसवून नव्या सदऱ्यावर लावता येतो. कपड्यावर नाव किंवा साल घालण्याचा हौसेचा प्रकार टाळावा. कारण थोरल्याचा सदरा धाकट्यास येतो, ही पुष्कळ घरांतील रीत आहे आणि तीत लाजण्यासारखे काहीच नाही. एका दिवसाच्या शोभेसाठी कोणा बापास उसनवारी करावी लागली, तर ते चिन्ह शाळेस भूषण नव्हे.

यापो येथील दुर्कस हिने केलेले अंगरखे विधवांनी रडत रडत पेत्रास दाखविले, असे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. त्यांवर नक्षी कोणती होती, याची तेथे नोंद नाही. ते गरजवंतांच्या उपयोगी पडले, एवढेच सांगितले आहे. विद्यार्थ्यांनी चिन्हाची निवड करताना हीच कसोटी लावावी.