ग्राफीनचा लेप आणि व्यापाऱ्याचा विवेक

सुरतेची खारी हवा लोखंडास सुखाने राहू देत नाही, हे हजिऱ्याकडे माल ठेवणारे आपले बंधू जाणतातच. त्यावर आता ग्राफीनयुक्त लेप पुढे आले आहेत. २००४ साली मँचेस्टर येथे गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी वेगळा केलेला हा एका अणूच्या जाडीचा कार्बनपडदा अखंड असेल, तर वायूसही वाट देत नाही. परंतु तो वीजवाहक असून स्वतः गंजत नाही. त्यामुळे ओरखडा पडताच उघडे लोखंड उलट अधिक वेगाने झिजू शकते. जस्त मात्र अशा वेळी स्वतः झिजून लोखंडास राखते. म्हणून नव्या नावास भुलून जस्ताचा त्याग करू नये. ओरखडा पाडलेल्या पत्र्यावर मिठाच्या फवाऱ्याची चाचणी झाल्याचा दाखला मागावा. जो लेप आपल्या गोदामास लावण्याचे धाडस होत नाही, तो गिऱ्हाइकास विकू नये, असे आमचे नम्र मत आहे.