गोरेपणाचा बाजार आणि आपले मौन

अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींना, आई व दोन मुलींना, गोरेपणाचे मलम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्या मलमात पारा आढळला, हे वृत्त २०२३ साली प्रसिद्ध झाले. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो. तोच शरीरात भिनून मूत्रपिंड नासवतो.

अशा वेळी शहाणी माणसे म्हणतात, स्त्रियांत जागृती हवी. जरूर हवी. परंतु ज्या डबीवर पाऱ्याचे नावच छापलेले नसते, ती वाचून कोणती जागृती होणार? अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास २०१८ साली मनाई झाली; तरीही ती सर्रास विकली जातात. हा दोष विकत घेणारणीच्या अज्ञानाचा, की विक्रीकडे कानाडोळा करणाऱ्या शासनाचा?

१९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातील ‘फेअर’ २०२० साली गळून पडले. ‘गोरी वधू पाहिजे’ ही अट मात्र टिकून आहे. हुंडा नाकारणाऱ्या आपल्यातील किती कार्यकर्ते छातीवर हात ठेवून सांगतील, की मुलगी पाहताना आम्ही रंग पाहिला नाही?

अन्न व औषध प्रशासनाने ब्यूटी पार्लरांतील व दुकानांतील मलमांचे नमुने तपासून निष्कर्ष जाहीर करावेत, ही मागणी प्रत्येक जिल्ह्यातून झाली पाहिजे. त्याचबरोबर आपल्या घरच्या सोयरिकीतून वर्णाची अट हद्दपार झाली पाहिजे. हे दुसरे काम टाळून पहिल्यासाठी मोर्चे काढणे हा निव्वळ दांभिकपणा ठरेल.