हसऱ्या पत्रांची पाठ

परदेशांतील जुन्या वस्तूंच्या बाजारात शंभरी ओलांडलेली विनोदी पोस्टकार्डे आजही मिळतात. त्यांवरील एक चित्र वारंवार भेटते: मोटार रस्त्यात बंद पडली आहे, मालक तिच्याखाली आडवा झाला आहे आणि शेतकऱ्याचा घोडा तिला ओढून नेत आहे. संग्राहक चित्रावर लुब्ध होतो. पत्राची पाठ मात्र क्वचितच वाचतो.

इंग्लंडमध्ये यंत्रगाडीपुढे माणसाने पायी चालण्याचे बंधन हलक्या मोटारींपुरते १८९६ साली उठले. १९०२ पासून तेथे पत्ता व मजकूर एकाच बाजूस लिहिण्याची मुभा मिळाली आणि दुसरी बाजू संपूर्ण चित्रासाठी मोकळी झाली. १९०३ च्या कायद्याने मोटारींना नोंदणी क्रमांक व ताशी २० मैलांची वेगमर्यादा आली. मग कुंपणाआड घड्याळ घेऊन लपलेला शिपाई चित्रांत अवतरला. अर्ध्या पेनीच्या तिकिटावर ही थट्टा घरोघरी पोहोचे.

अमेरिकेतही बंद पडलेल्या मोटारीला ‘घोडा घ्या, घोडा!’ अशी आरोळी ऐकावी लागे. पण १८५२ पासून घोडागाड्या बांधणाऱ्या स्टुडबेकर बंधूंच्या पेढीने १९०२ साली विजेवरील आणि १९०४ साली पेट्रोलवरील मोटार बाजारात आणली. बग्ग्यांचे मोठे कारखानदार विल्यम ड्युरंट यांनी १९०४ मध्ये ब्युइक कंपनीची सूत्रे हाती घेतली आणि १९०८ मध्ये जनरल मोटर्स स्थापन केली. ज्यांची उपजीविका घोड्याच्या गाडीवर होती, त्यांतील काहींनी थट्टेच्या ऐन भरातच आपला मार्ग बदलला.

आता घोड्याने मोटार ओढल्याचे कार्ड हाती घ्या. शिक्का १९०४ चा असेल, तर लोक हसत असताना जाणता व्यापारी काय करीत होता, याचे ते पत्र साक्षीदार ठरते. शिक्का नसेल, तर उरतो केवळ विनोद. अर्थात शिक्का कार्ड टाकल्याचा दिवस सांगतो, छापल्याचा नव्हे. दुकानात कार्डे वर्षानुवर्षे पडून राहत. ही मर्यादाही ध्यानी असावी.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. तिकिटांच्या वहीसाठी जुन्या कार्डांवरील तिकिटे कापू अथवा भिजवून काढू नयेत. तिकिटाबरोबर शिक्काही जातो आणि पत्र मुके होते. कार्ड डिंकाने चिकटवू नये. आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवावे. आपली टिपणे पाकिटावर, तीही पेन्सिलीने करावीत. संग्रह चित्रांच्या विषयानुसार न लावता शिक्क्यांच्या तारखांनुसार लावून पाहावा.

हाच नियम आपल्या पेढीवरील जुन्या टपालासही लागू आहे. माळ्यावरील गठ्ठा रद्दीत देण्यापूर्वी घरातील मुलांना जवळ बसवावे आणि प्रत्येक पत्राची तारीख त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी. आज ज्या नव्या व्यवसायाला आपण हसतो, त्याविषयीचा प्रश्न कदाचित तीच मुले आपल्याला विचारतील.