उतारा कोणाच्या वहीत?



धानोरा तालुका धानाचा. तरी या बैठकीला कोरडवाहू कापूस-ज्वारीचे कास्तकार येतात, आणि त्यांच्या कापसाची गाडी शेवटी वरोरा, राजुरा, वणी नाहीतर हिंगणघाटच्या जिनिंगच्या फाटकात उभी राहते. त्या फाटकाच्या आत एक बदल येतो आहे.

2000 साली केंद्राचे कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झाले, जिनिंगला अनुदाने मिळाली. पण यंत्राचे तत्त्व जुनेच राहिले: फिरता रोलर, त्याला टेकलेली सुरी आणि सरकी सोडवणारी हलती सुरी. आता या जुन्या यंत्रांनाच बाहेरून सेन्सर लावता येतात. मोटारीच्या तारेभोवती एक कडे अडकवले की ती किती अँपिअर ओढते ते कळते. रोलर किती तापला, किती कापूस आत गेला, प्रेसमधून किती वजनाची गाठ निघाली, सगळे संगणकाच्या पडद्यावर. रोलर झिजला किंवा सुरीचा दाब बिघडला की सरकीवर तंतू शिल्लक राहतो आणि रुईचा उतारा घसरतो. पूर्वी हे फिटर आवाजावरून ओळखायचा. चांगला फिटर आजही संगणकाच्या आधी ओळखतो, ते सोडा.

यंत्राला आमचा विरोध नाही. आपल्याच कापसातून जास्त रुई निघणार असेल तर निघू द्या. आमचा प्रश्न एवढाच की तो आकडा कोण पाहणार?

हिशेब मांडू. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुई किलोला 150 आणि सरकी 35 रुपये धरा. उतारा 33 चा 35 झाला तर दोन किलो सरकीच्या जागी दोन किलो रुई, म्हणजे क्विंटलमागे 230 रुपये. वीस क्विंटलला 4600. हा फरक जिनिंगवाल्याला संध्याकाळी पडद्यावर दिसतो. आपला भाव मात्र सकाळीच, मूठभर कापूस दाबून आणि तंतू ओढून ठरलेला असतो. सरकारी खरेदीतही तेच. 2025-26 चा हमीभाव मध्यम धाग्याला 7710, लांब धाग्याला 8110 रुपये. त्या कोष्टकात तंतूची लांबी आणि मायक्रोनेअर आहे, उतारा नाही.

डिसेंबर 2022 मध्ये ‘कस्तुरी कॉटन भारत’चा करार झाला. त्या योजनेतल्या गाठीवर क्यूआर कोड असतो; ती कोणत्या जिनिंगची, तपासणीत कशी निघाली, हे गिरणीवाल्याला कळते. गाठीला जन्मदाखला मिळाला, पिकवणाऱ्याच्या हाती काटापट्टीच. उलट 2025 च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आपली नोंदणी सक्तीची झाली. माहिती आपल्याकडून जाते, आपल्याकडे येत नाही.

जिनिंगवाले म्हणतील, पन्नास जणांचा कापूस एका ढिगात पडतो, एकेकाचा उतारा कसा सांगणार? म्हणणे खरे आहे. पण मुंबईच्या सिरकॉट संस्थेने नमुन्याचा उतारा काढायला ‘लिलिपुट’ नावाचे छोटे जिन केव्हाच तयार केले आहे. तसे एक यंत्र बाजार समितीच्या यार्डात ठेवा. ज्वारी घेणारा दाणा दाताखाली फोडून पाहतो, कापसाचे तेवढेही होत नाही. आणि कारखान्याचा रोजचा सरासरी उतारा फाटकावरच्या फळ्यावर लिहा. त्याला खडू पुरतो.

यात आपलीही परीक्षा आहे. पाणी मारलेला माल, चांगल्या वेच्यात मिसळलेली कवडी मोजमापात लपणार नाही. ज्यांना ते परवडणार नाही त्यांनी ही मागणी करू नये. वेचे वेगळे ठेवायची सवय आतापासून लावावी लागेल.

बैठकीला येताना मागच्या दोन हंगामांच्या काटापट्ट्या आणा. वाण, वेचा, ओलावा आणि मिळालेला भाव एका कागदावर उतरवून घेऊ. बाजार समितीला द्यायचे निवेदन त्यावरूनच लिहायचे आहे.