दार उघडले, वाट कोण दाखविणार?

मध्य प्रदेशातील बालाघाटच्या भरवेली खाणीतून शतकाहून अधिक काळ मँगनीज निघत आले आहे. अशा उद्योगाच्या व्यवस्थापनावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या तेथील विद्यार्थ्याला मात्र त्या विषयावरील महागडी परदेशी नियतकालिके आजवर दुर्लभच होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेने ही कोंडी फोडली, याचे आम्ही स्वागत करतो. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपयांची तरतूद करून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली करण्यात आली. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा'वर आधीपासूनच विनामूल्य आहेत.

परंतु दार उघडले म्हणजे वाट सापडली, असे नव्हे. या अफाट साठ्यातून नेमका लेख कसा शोधावा व त्याची पारख कशी करावी, हे शिकविणारा ग्रंथपाल नसेल, तर हा खर्च पालथ्या घड्यावरचे पाणी ठरेल. शिवाय पहिल्या टप्प्यात खासगी महाविद्यालये वगळली गेली. खाणींवर संसार उभारलेल्या आमच्या गोमंतकालाही हा प्रश्न परका नाही. ग्रंथपालांची रिक्त पदे भरावीत आणि हे कुंपणही काढावे. जनतेच्या पैशाने घेतलेले ज्ञान जनतेच्या प्रत्येक लेकराला मिळालेच पाहिजे.