सनरूफ राहू दे, आधी डिकी उघडा!

घरात नवी गाडी येणार म्हटलं की सल्ला द्यायला आपण सगळ्यात पुढे. पण त्या गाडीत बाळ कुठे बसणार, कुत्रा कुठे आणि सायकल कुठे, हे विचारतं कोण?

शोरूममध्ये पोचून पाचच मिनिटं झाली असतील. माझा चार वर्षांचा भाचा गोलू सनरूफमधून अर्धा बाहेर आला होता आणि दोन्ही हात पसरून ओरडत होता, ‘‘मावशी, बघ, मी उडतोय!’’ सेल्समन खूश, जिजू खूश, मी तर मोबाइल काढून रील शूट करायला सुरुवातही केली. ताई मात्र गाडीच्या मागे, डिकी उघडून उभी होती. कडेवर नऊ महिन्यांची चिऊ. ती एवढंच म्हणाली, ‘‘हे सगळं ठीक आहे गं. पण बिस्किट कुठे बसणार?’’

बिस्किट म्हणजे ताईचा कुत्रा. देशी, अठरा किलोंचा, आणि गाडीत बसायचं म्हटलं की वेडा होणारा. त्याच्याशिवाय जिजूंची गिअरची सायकल आहे. महिन्यातून दोन रविवार ती वाईला आमच्या आजोळी नेऊन तिकडच्या रस्त्यांवर चालवायचा त्यांचा बेत असतो. गोलूचीही एक छोटी सायकल आहे, बाजूला दोन चाकं लावलेली. म्हणजे दोन मोठी माणसं, दोन मुलं, एक कुत्रा, दोन सायकली. आणि मी सुचवलेली गाडी कुठली? जिचा सनरूफ सगळ्यात मोठा आणि स्क्रीन सगळ्यात रुंद, ती!

तुम्ही म्हणाल, कॉलेजवाल्यांच्या पानावर फॅमिली कारचं काय काम? आहे ना. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी ‘ऑटो एक्स्पर्ट’ आपणच असतो. बाबा, काका, जिजू गाडी बघायला लागले की पहिला प्रश्न आपल्याला येतो, ‘तू बघतोस ना ते व्हिडिओ, सांग कुठली घेऊ?’ आणि आपण रील बघून जमवलेलं ज्ञान ठोकून देतो. अ‍ॅम्बियंट लायटिंग, अलॉय व्हील, रोड प्रेझेन्स. पैसे दुसऱ्याचे, हप्ते पाच-सात वर्षांचे, आणि सल्ला आपला. माझं म्हणणं सोपं आहे. सल्ला द्यायचाच असेल, तर त्या घराचा एक आठवडा डोळ्यांसमोर आणून द्या.

मांडीवरचं बाळ

सुरुवात मागच्या सीटपासून करू. गेल्या पावसाळ्यात आम्ही वाईला निघालो होतो. खंबाटकी घाटात पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला. जिजूंनीही मारला. आमचा वेग फार नव्हता. तरी ताईच्या मांडीवरची चिऊ पुढच्या सीटवर आदळली. कपाळाला टेंगूळ आलं, तासभर रडली आणि झोपली. एवढ्यावर निभावलं. मी शेजारीच बसले होते. बेल्ट मीही लावला नव्हता.

मी मास कॉमची, पण अकरावीचं फिजिक्स थोडं आठवतं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. गाडी कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर आठ किलोचं बाळ धरून ठेवायला शंभर किलोंहून जास्त वजन पेलण्याएवढी ताकद लागते. कुठल्या आईच्या हातात ती असते? ‘मी घट्ट धरलंय’ हे आपण स्वतःच्या समाधानासाठी म्हणतो.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर एक हजार रुपये दंड आहे. मागच्या बेल्टचं तर विचारूच नका. ४ सप्टेंबर २०२२ला पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. त्यानंतर थोडे दिवस सगळे मागेही बेल्ट लावत होते. मग पुन्हा येरे माझ्या मागल्या.

म्हणून गाडी बघताना पहिली गोष्ट, मागच्या सीटवर आयसोफिक्सचे हुक कुठे आहेत ते बोटांनी चाचपून बघा. चाइल्ड सीट त्यात खटकन बसते. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून लावायची असते आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीच ठेवायची नाही. आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. दोन चाइल्ड सीट लावल्या की मधल्या जागेत मोठं माणूस नीट मावत नाही. म्हणजे ‘फाइव्ह सीटर’ गाडी तुमच्यासाठी चारचीच उरते. आजीला बरोबर न्यायचं असेल तर हे आधीच कळलेलं बरं.

लिटरचा घोळ

आता डिकी. ब्रोशरमध्ये ती लिटरमध्ये दिलेली असते. डिझायर ३८२ लिटर, नेक्सॉनही ३८२ लिटर. कागदावर दोन्ही सारख्या. पण डिझायरची डिकी म्हणजे बंद पेटी, तिच्यात कुत्रा बसवता येणार नाही. नेक्सॉनची डिकी मागच्या सीटशी मोकळी असते, मध्ये जाळी लावली की बिस्किट तिथे श्वास घेत, आपल्याकडे बघत बसू शकतो. लिटर सारखे असले तरी आकार सारखा नसतो. म्हणून शोरूममध्ये जाताना मेजरिंग टेप न्या. लोक हसतात. हसू दे.

‘सीट फोल्ड केली की भरपूर जागा होते’ हे वाक्यही तुम्ही ऐकाल. खरं आहे, पण त्या सीटवर दोन चाइल्ड सीट बसवलेल्या असतील तर फोल्ड काय करणार? पुढचं चाक काढलं तरी मोठी सायकल साधारण सव्वा ते दीड मीटर लांब राहते. मुलं सीटवर आणि कुत्रा डिकीत असताना ती आत जाणार नाही. म्हणजे सायकल बाहेर. टपावर कॅरिअर लावायचा असेल तर त्या गाडीचं टप किती वजन पेलतं ते मॅन्युअलमध्ये बघा आणि सोसायटीच्या पार्किंगच्या तोंडाशी असलेली उंचीची आडवी पट्टीही लक्षात ठेवा. टपावर सायकल आहे हे विसरून बेसमेंटमध्ये शिरलात की सायकलही गेली आणि टपही. मागे रॅक लावलात तर नंबर प्लेट आणि लाइट झाकले जाणार नाहीत हे बघा.

आपल्याकडच्या इतक्या गाड्यांची डिकी आखूड का, याचं उत्तर टॅक्समध्ये आहे. लांबी ४००० मिलिमीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, अशा गाड्यांवर कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५पासून या छोट्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. मग कंपन्या चार मीटरच्या आत सगळं कोंबतात, आणि कात्री लागते ती बहुतेक वेळा डिकीला. सीएनजी घ्यायची असेल तर सिलिंडर कुठे आहे तेही बघा. बऱ्याच गाड्यांत तो डिकीतच असतो.

बिस्किटचं काय?

कुत्र्याचंही गणित तेच. अठरा किलोंचा बिस्किट त्याच धडकेत अडीचशे किलोंच्या जोराने पुढे येईल. तो स्वतः तर जाईलच, पुढच्याचीही मान मोडेल. त्यामुळे त्याला हार्नेस, तो सीटबेल्टच्या बकलला अडकवलेला, किंवा डिकीत मध्ये पक्की जाळी. गळ्यातल्या पट्ट्याला बांधायचं नाही. झटका बसला तर गळा आवळला जातो. एसीची हवा मागपर्यंत पोचते का ते बघा. डिकीची कड जमिनीपासून जास्त उंच असेल तर म्हातारपणी त्याला उडी जमणार नाही. फिकट बेज सीटवर केस आणि चिखल कसे दिसतात, हे वेगळं सांगायला नको.

‘टॅक्सी घेतली का?’

मग मी अर्टिगाचं नाव काढलं. तिसरी रांग उघडी असताना डिकी २०९ लिटर, ती रांग दुमडली की ५५० लिटर. कुत्रा, बॅगा, गोलूची सायकल, सगळं मावेल. जिजू लगेच म्हणाले, ‘‘ती ट्रॅव्हल्सवाल्यांची गाडी गं. ऑफिसमध्ये विचारतील, टॅक्सी घेतली का?’’ मी हसले, पण हे त्यांच्या डोक्यात आपणच घातलंय. सोयीची गाडी म्हणजे ‘अंकल कार’, असे मीम मीही फॉरवर्ड केलेत. जी गाडी टॅक्सीवाले घेतात, ती माणसं आणि सामान वाहायला सोयीची असणार, एवढा साधा विचार आपण करत नाही.

पण नुसती जागा बघूनही चालणार नाही. २०२४मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये याच अर्टिगाला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एक आणि मुलांच्या सुरक्षेसाठी दोन स्टार मिळाले. भारत एनकॅप ही आपली चाचणी ऑक्टोबर २०२३पासून सुरू झाली आहे. त्यातही मोठ्यांचे ३२ पैकी आणि मुलांचे ४९ पैकी गुण वेगळे दिलेले असतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘फाइव्ह स्टार’ दिसले तरी मुलांचा रकाना उघडून बघा. तिथे गुण चांगले असतील आणि डिकी थोडी लहान असेल, तर मी तरी लहान डिकी घेईन. सामान दोन बॅगांनी कमी करता येतं.

‘गाडी काय दहा वर्षांतून एकदा घेतो, थोडी हौस नको का?’ असं जिजू म्हणाले, तेव्हा मला वाईट वाटलं. हौस हवीच. लग्नाआधी आठ वर्षं त्यांनी जुनी बाइक रेटली आहे. पण सनरूफच्या व्हेरियंटसाठी आपण जे जास्तीचे पैसे मोजतो, त्यात दोन चांगल्या चाइल्ड सीट आरामात येतात. आणि सनरूफमधून गोलूने बाहेर यायचंच नाहीये. चालत्या गाडीत ती मुलांसाठी सगळ्यात वाईट जागा आहे. मग ती हौस नक्की कोणाची?

बुकिंग सध्या पुढे ढकललंय. पुढच्या शनिवारी टेस्ट ड्राइव्हला सगळी वरात जाणार आहे. दोन्ही मुलं, चाइल्ड सीट, जिजूंची सायकल, मेजरिंग टेप आणि साक्षात बिस्किट. सेल्समनला फोनवर सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, ‘‘या मॅडम.’’

गाडी कुठली येईल माहीत नाही. पण चाइल्ड सीट मात्र आल्या, दोन्ही, ताईच्या जुन्या वॅगन आरमध्ये. पहिल्या दिवशी चिऊने रडून गोंधळ घातला. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांत झोपली. आणि ते सनरूफचं रील मी डिलीट केलं.