दात उपटणारी आरोग्यव्यवस्था

बेंबळी हे धाराशिव तालुक्यातील मोठे गाव. तेथे पोलीस ठाणे आहे, आणि जिल्ह्याचे ठिकाणही फार दूर नाही. असे असूनही या गावात किंवा त्याच्या पंचक्रोशीत एखाद्या शेतमजुराचे पुढचे दात चाळिशीतच हलू लागले, तर त्याची वाट ठरलेली असते. प्रथम लवंग आणि तुरटी, मग औषधाच्या दुकानातून आणलेल्या चार गोळ्या आणि शेवटी केव्हा तरी चिमटा. दात पडला की घरची माणसे म्हणतात, वय झाले. सरकारी पत्रक म्हणते, अज्ञान झाले. टूथपेस्टची जाहिरात म्हणते, आमचा माल घेतला नाही म्हणून झाले. ज्या रोगाने दात गेला त्याचे नाव या तिघांपैकी कोणीच घेत नाही.

लोक ज्याला पायरिया म्हणतात, तो हिरड्यांचा व दाताला धरून ठेवणाऱ्या हाडाचा रोग आहे. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जीवाणूंचा चिकट थर साचतो. तो वेळीच निघाला नाही तर लाळेतील क्षार त्यात बसून त्याचे दगडासारखे कीट बनते. मग ते ब्रशाने निघत नाही आणि कडुनिंबाच्या काडीनेही निघत नाही. हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येते. ही पहिली अवस्था पूर्णपणे परतवता येते. हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या डेन्मार्कमधील प्रयोगाने हे सिद्ध केले. निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींनी दात घासणे थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू होताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दुर्लक्ष चालूच राहिले, तर मात्र पुष्कळांच्या बाबतीत सूज खोल उतरते, हिरडी दातापासून सुटून तेथे कप्पा तयार होतो आणि आतले हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप परत येत नाही.

या साऱ्या काळात दुखत जवळजवळ काहीच नाही, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने या रोगाचे मर्म येथेच आहे. बाजार मागणीवर चालतो आणि आरोग्याच्या बाजारात मागणी उत्पन्न होते ती वेदनेतून. जो रोग पंधरा-वीस वर्षे मुकाट्याने हाड खातो, तो गरिबाला दवाखान्याची पायरी चढायला लावत नाही. बुडालेली मजुरी त्याला आज दिसते, बुडणारा दात दहा वर्षांनी दिसणार असतो. त्याचा हा हिशेब अडाणीपणाचा नाही; हातावर पोट असलेल्या कोणत्याही माणसाचा हिशेब असाच असेल. दात पडल्यावर मात्र बाजार जागा होतो. कवळी, ब्रिज, इम्प्लांट असा त्याचा माल तयारच असतो. म्हणजे रोग स्वस्तात थांबविता येतो तेव्हा ग्राहक नसतो आणि ग्राहक येतो तेव्हा रोग आपले काम उरकून गेलेला असतो. अशा ठिकाणी शासनाने उतरावे, हे सांगायला समाजवादी असण्याचीही गरज नाही. पदवीच्या वर्गातले क्रमिक पुस्तक पुरे आहे.

‘खेड्यातील माणसाला दात घासायला शिकवा म्हणजे झाले’ असे म्हणणाऱ्यांनी श्रीलंकेच्या चहामळ्यांकडे पाहावे. लोए यांच्याच गटाने 1970 ते 1985 या काळात तेथील 480 तमिळ मजुरांच्या हिरड्यांची वेळोवेळी तपासणी केली. हे मजूर टूथब्रश वापरीत नव्हते आणि त्यांना दातांची कोणतीही सेवा मिळत नव्हती. त्यांपैकी सुमारे 8 टक्के मजुरांमध्ये रोग झपाट्याने वाढला. या गटातील माणसाचे पस्तिसाव्या वर्षापर्यंत सरासरी 12 दात गेले, चाळिसाव्या वर्षापर्यंत 20 गेले, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी तोंडाचे बोळके झाले. 81 टक्क्यांमध्ये रोग मध्यम गतीने सरकत राहिला. उरलेल्या 11 टक्क्यांचा रोग मात्र हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. शरीराची मूळ ठेवण सर्वांची सारखी नसते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण याच संशोधकांनी नॉर्वेतील ओस्लो शहराच्या विद्यार्थी व प्राध्यापकवर्गाचाही असाच मागोवा घेतला होता. चाळिशीला पोहोचताना त्या सुशिक्षित नॉर्वेजियनांचा दाताभोवतीचा आधार सरासरी दीड मिलिमीटरच्या आसपास खचला होता, तर मळ्यातील मजुरांचा साडेचार मिलिमीटर. एकाकडे लहानपणापासून दंतसेवा होती, दुसऱ्याकडे चहाची टोपली. मजुरांच्या हिरड्या पंधरा वर्षे मिलिमीटरने मोजल्या गेल्या, विज्ञानाला मोलाची आकडेवारी मिळाली. त्या तोंडांना काय मिळाले, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

मराठवाड्यात या चित्रात तंबाखूची भर पडते. राष्ट्रीय पातळीवरील 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दर चार प्रौढांपैकी सुमारे एक जण कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरीत होता, आणि त्यात धूरविरहित तंबाखूच मुख्य. कष्टकरी बायकांमध्ये मशेरीची सवय जुनी आहे. दात घासण्याच्या निमित्ताने ती सुरू होते आणि भूक व थकवा मारण्यासाठी चालू राहते. केंद्र सरकारने 1992 साली टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली, राज्य सरकारने 2012 साली गुटखा बंद केला. परंतु मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला कोणती बंदी अडविणार? तंबाखू हिरडी खाली सरकविते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते. विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून तर रक्तही कमी येते, म्हणजे रोगाची एकमेव धोक्याची खूणही झाकली जाते. मधुमेहाचे नाते दुहेरी आहे. साखर ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर जातात आणि हिरड्या सडलेल्या असतील तर साखर ताब्यात येणे कठीण होते. गरोदरपणातही हिरड्या सुजतात. त्या काळात बाईची नियमित तपासणी होते, पण तिचे तोंड उघडून पाहण्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही.

शासनाची करनीती पाहिली तर आणखी आश्चर्य वाटते. जुलै 2017 पासून सप्टेंबर 2025 पर्यंत टूथपेस्ट आणि टूथब्रश यांवर 18 टक्के वस्तू व सेवा कर होता. एकीकडे दात घासा म्हणून भिंती रंगवायच्या आणि दुसरीकडे घासण्याच्या साधनावर आठ वर्षे असा कर घ्यायचा! आता तो 5 टक्के आहे. तो शून्य का नसावा, याचे उत्तर अर्थखात्याने दिलेले नाही.

या रोगाच्या निदानाला महागडे यंत्र लागत नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई हिरडी व दात यांच्यामध्ये अलगद सरकवायची; तीन मिलिमीटरपर्यंत साधारणपणे ठीक, चार किंवा अधिक म्हणजे कप्पा. रक्त आले तर त्याची नोंद करायची. हाड किती गेले ते क्ष-किरणाने कळते. उपचारही बहुतांशी हातकामाचा आहे. दातावरचे आणि हिरडीखालचे कीट खरवडून काढणे, मुळे गुळगुळीत करणे, घासण्याची पद्धत दाखविणे आणि तीनेक महिन्यांनी पुन्हा पाहणे. फार खोल कप्प्यांना शस्त्रक्रिया लागते. औषधाच्या दुकानातील प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी कीट निघत नाही; त्या एकट्याने हा रोग बरा करीत नाहीत. दात साफ केल्याने सैल होतात, हा समजही खोटा आहे. हाड आधीच गेलेले असते, कीट निघाल्यावर ते उघड होते एवढेच.

असे असताना सार्वजनिक दवाखान्यात गरिबाच्या वाट्याला येतो तो बहुधा दात काढण्याचा चिमटा. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, पण त्यांतील बहुसंख्य खासगी आहेत. लाखोंचे शुल्क भरून बाहेर पडलेला तरुण शहरात खुर्ची टाकतो, आणि त्यासाठी त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मराठवाड्यातील शासकीय दंत महाविद्यालय आहे छत्रपती संभाजीनगरला, बेंबळीपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्याच्या जोडीला डेंटल हायजीनिस्ट नावाचा वर्गही नोंदणीस पात्र ठरविला होता. दात साफ करण्याचे आणि शिकविण्याचे काम करणारा हा कमी खर्चाचा प्रशिक्षित हात होता. पाऊणशे वर्षांत खेड्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. 2018 साली आरोग्यवर्धिनी केंद्रांची घोषणा झाली, तेव्हा त्यांच्या बारा सेवांच्या यादीत प्राथमिक मौखिक आरोग्यसेवा होती. यादीत नाव घातल्याने कीट निघत नाही. सरकारी विमा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. हिरड्यांची साधी सफाई त्यांत बसत नाही. ती खासगीत करावयाची तर प्रवास आणि बुडालेला रोज धरून मजुराची अनेक दिवसांची कमाई जाते, आणि ती एका फेरीत संपत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचे तर विचारूच नये. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती उन्हाळा लागताना परतते. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, हा सल्ला त्यांना कोण आणि कोठे देणार? साखर कारखान्यांकडून गाळपाच्या प्रतिटनामागे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी रक्कम घेण्याची तरतूद आहे. त्या पैशातून हंगामात कारखान्याच्या तळावर फिरता दंत दवाखाना नेता येईल. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक हायजीनिस्ट, मधुमेहाच्या व गरोदर मातांच्या तपासणीतच हिरड्यांची तपासणी, आणि आशा सेविकेच्या कामात मशेरी सोडविण्याचा समावेश, मात्र जादा मोबदल्यासह. फुकटात काम लादण्याची सरकारी खोड येथेही चालू देता कामा नये.

बेंबळी परिसरातील कार्यकर्त्यांना सुरुवात लगेच करता येईल. माहितीचा अधिकार कायदा 2005 पासून आहे. जिल्ह्यातील प्रत्येक सरकारी दवाखान्याकडे एका ओळीचा अर्ज द्यावा: गेल्या आर्थिक वर्षात येथे किती दात काढले आणि किती रुग्णांच्या दातांची सफाई केली? दोन्ही आकडे मिळाले की ते पुढच्या ग्रामसभेत फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि हायजीनिस्टच्या पदाची मागणी करणारा ठराव त्याच बैठकीत मांडावा.